कमरेपर्यंत जड

अर्पिताच्या हळदीत काय झालं ते आधी ऐकून घ्या, नाही त पुढचं काहीच समजनार नाही.

अर्पिता म्हंजे तेलंगनातल्या आदिलाबादजवळच्या मावला गावातलीच, रंजीताच्या शेजारची पोरगी. तिच्या हळदीले रंजीतानं फुलाचे दागिने केले. खऱ्या फुलाचे! मोगऱ्याच्या कळ्याची बिंदी, शेवंतीचे झुमके, गुलाबाचं हातफूल, सगळं सुईदोऱ्यानं ओवलेलं. फोनवर पाहून पाहून शिकली बिचारी, सुया टोचून बोटाची चाळनी झाली होती. अन नवरी दिसली बी अशी का बाया हातातली हळद इसरून पाह्यतच राह्यल्या. मंग एक मावशी हळद लावाले वाकली. नवरीच्या कानापाशी नाक नेलं. एकडाव हुंगलं, दोनडाव हुंगलं, अन भर मांडवात म्हने, "काहो, भजे तळून राह्यले का कुठं?"

भजे कुठचे! नवरीच कांद्यावानी वास मारून राह्यली होती.

आता त्याचं कारन असं का रंजीता दागिने करे कांद्याच्या खोलीत. घर सासऱ्याचं, नागोरावचं. मावल्याच्या मांगं वावर हाय, त्यात भाजीपाला, अन तो भाजीपाला सासू गयाबाई अन नवरा चंदन आदिलाबादच्या बाजारात नेऊन इकतेत. घरात रस्त्याकडची एकच खोली चांगली, थंडगार, खिडकीवाली, अन त्या खोलीत खालपासून वरपर्यंत कांदे. एका कोपऱ्यात पोतं आंथरून रंजीता बसे. अन मोगरा कसा असते, शेजारी जो बसला त्याचा वास घेऊन घरी जाते.

तवापासून रंजीताच्या डोक्यात एकच भुंगा. ही खोली पाहिजे. कांदे बाहेर, फुलं अंदर.

एक दिवस भाकर थापता थापता तिनं इषय काढला. "मामीजी, कांदे मांगच्या सपरीत ठेवले त?"

"अन इथं काय ठेवाचं?" गयाबाई म्हने.

"फुलं."

गयाबाईनं तिच्याकडं असं पाह्यलं जसं गिऱ्हाइकानं फुकटात कोथमीर मांगतली. "पोरी, फुलं लागतेत दोघाले. एक देवाले, एक मड्याले. कानात शेवंती घालाले कोन येते आपल्या दारी?"

"येतेत मामीजी. लय येतेत."

"हो, आले होते ना. अर्पिताच्या हळदीत भजे मांगत होते."

चंदन ताटावरून हासला. रंजीतानं त्याच्याकडं पाह्यलं, मंग तो खाली वरनात पाहून हासला.

पन गयाबाई कशीबी असो, तोलाची बाई. म्हने, "असं कर. एका अनोळखी घरचं काम घे. आपल्यातलं नाही, ओळखीपाळखीचं नाही. नवरीच्या मायनं सोताच्या तोंडानं म्हनलं का चांगलं केलं, त खोली तुही. अन तोंड पाडून वापस आली त दुसऱ्या दिवसापासून माह्या बाजूले बसाचं, मेथीच्या जुड्या बांधाच्या."

"कबूल," रंजीता म्हने.

"अवं," चंदन हळूच म्हने, "घाबरू नोको. मेथीच्या जुड्या बी तू चांगल्याच बांधतेस."

असा धीर देनारा नवरा, बोला आता.

पंधरा दिवस गेले. मंग एक दिवस फोन आला आदिलाबादवरून. भूलक्ष्मी मॅडम, शाळेत शिकवतेत. त्याहिच्या पोरीचं लगन, पोरीचं नाव मौनिका. कोनाच्या तरी फोनात अर्पिताचा फोटो पाह्यला म्हने. फोटोले वास नसते, ते एक बरं. मॅडमनं आधी हिंदीतच सुरू केलं, "आपको तेलुगु आता क्या?"

इथंच रंजीतानं 'थोडंथोडं' म्हनलं असतं त ही गोष्टच झाली नसती.

रंजीताचं माहेर किनवटकडचं, सगळं शिक्षन मराठीत. लगन होऊन मावल्यात आली तिले दोन वर्सं झाले. दोन वर्सात कधीमधी चंदनसंगं बाजारात बसून ती तेलुगु शिकली. म्हंजे भाज्याचे नावं आले, दहापर्यंत आकडे आले, 'मंचिदी' म्हंजे चांगलं, 'लेदु' म्हंजे नाही, 'एंता' म्हंजे किती, अन झालं. पन घरात पसरवलं असं का मले आता पान्यावानी येते. गयाबाई तीस वर्सं त्याच बाजारात बसते, तिनं नुसतं "हं" केलं होतं.

त मॅडमनं इचारलं, अन हिनं छाती फुगवून सांगतलं, "वच्चु, वच्चु! येते, येते!"

झालं. मॅडमले आनंद झाला, अन थ्या सरळ तेलुगुत सुरू झाल्या. रंजीता एवढंच समजली का दहा वाजता हळद हाय अन बाकीचं मेसेजमधी बोलून पाठवतो. संध्याकाळी मेसेज आला. रंजीता न्हानीमांगं उभी राहून ऐकून राह्यली, कोनी पाहू नाही म्हनून.

"मौनिकाकु पूल जडा कावाले अम्मा. नगलु एट्लुन्ना पर्वालेदु. जडा मात्रम मंचिगुंडाले."

पाचडाव ऐकलं. मंग एक एक शब्द मेथीवानी निवडाले बसली. पूल म्हंजे फूल. कावाले म्हंजे पाहिजे. नगलु म्हंजे नग, कितीबी नग असो, परवा नाही. मंचिगुंडाले, चांगलं असलं पाहिजे. राह्यला एक शब्द, जडा. त्यात काय समजाचं हाय? जडा म्हंजे जड! आपल्याकडूनच नेला असन त्याहिनं.

म्हंजे नग कितीबी चालतेत, पन जड पाहिजे.

थोडी शंका आली तिले. फुलाचे दागिने जड कोन मांगते? मंग वाटलं, मोठ्या घरचे लोकं, त्याहिले हलकं कसं चालन? सोनंबी त्याहिचं जडच असते. तरी खात्री करावी म्हनून तिनं फोन लावला. "मॅडम, जडा एंता?" म्हंजे किती जड?

पलीकडून उत्तर, "नडुमु दाका."

नडुमु हा शब्द रंजीताले पक्का माहीत. बाजारातल्या तेलुगु बाया पोतं उचललं का कमरेले हात लावतेत अन "नडुमु, नडुमु" करतेत. नडुमु म्हंजे कंबर.

कमरेपर्यंत. कमरेपर्यंत जड! बाप्पा!

"सरे मॅडम, सरे," रंजीता म्हने. मॅडम अजून एक बोलल्या. "पैना नागु पेट्टाले. मर्चिपोकु अम्मा."

अन फोन बंद.

आता हे काय? नागु? नागु त सासऱ्याचं नाव! बाजारातले सगळे तेलुगु लोकं नागोरावले नागुच म्हनतेत. पैना, म्हंजे पैले. पेट्टाले, म्हंजे भेटाले. पैले नागु भेटाले! अन शेवटी मर्चि, म्हंजे मिरची. भाजीवाल्याचं घर हाय, मांगतली असन पावभर.

सगळं कसं फटफट जुळलं. रंजीताले सोताचाच अभिमान वाटला.

घरात येऊन तिनं सांगतलं, "मामाजी, तुमाले यावं लागते संगं. मॅडमले तुमाले भेटाचं हाय."

नागोराव बाजीवर बसून दोरी वळून राह्यले होते. हात थांबला. "मले? मले काऊन?"

"सामान जड हाय ना. घरचं मोठं मानूस पाहिजे असन. नाव घेऊन सांगतलं त्याहिनं, पैना नागु पेट्टाले म्हने."

गयाबाई चुलीपाशी होती. तिले एकदम ठसका लागला. असा ठसका का पदर तोंडाले लावून ती मांगच्या दारानं बाहेरच गेली, अन लय वेळ आलीच नाही. रंजीताले वाटलं, फोडनीचा धूर गेला असन. नागोरावले मातर कोन्या लगनघरी नाव घेऊन बोलावलं असं दहा वर्सात झालं नोतं. त्याहिनं लगेच पेटीतली पांढरी टोपी काढली अन फुकून पाह्यली.

"गये! माहं धोतर धू वं!" त्याहिनं आवाज देला.

बाहेरून नुसता ठसका ऐकू आला.

हळदीच्या दिवशी पहाटेच फुलं आले. झेंडूचं एक अख्खं पोतं, शेवंती, मोगरा, गुलाब. रंजीतानं ह्या डावले शहानपना केला, अर्पिताच्या मायच्या ओसरीत चादर ओली करून आंथरली, कांद्यापासून दूर. अन मंग ती जी बसली! साध्या दोऱ्यावर जड कसं होईन? म्हनून अंदर सुतळीचा तिहेरी पीळ, त्याच्यावर झेंडू, झेंडूवर शेवंती, शेवंतीच्या फटीत मोगरा, कुठं बोट घालाले जागा नाही. हार झाला मनगटाएवढा जाडा अन कमरेपर्यंत लांब. कंबरपट्टा त्याच्याच भावावानी. बाजूबंद असे का दंडाले लावले त मानसानं हात वर करू नाही.

चंदन घ्याले आला. हार उचलला, पुन्हा खाली ठेवला, गेला अन भाजीचा काटाच घेऊन आला.

"पावनेचार किलो," म्हने. "अवं, नवरी हाय का हमाल?"

"त्याहिलेच जड पाहिजे."

"अन ती उभी कशी राहीन?"

"बसून असते हळदीत."

"मंग उठन कशी?"

"तुमी चूप बसा," रंजीता म्हने, अन हार टोपल्यात ठेवाले लागली.

निघताना गयाबाईनं नागोरावच्या हातात एक थैली देली. "हे राहू द्या जवळ."

"काय हाय?"

"गरज पडली त पाहाजा. नाही पडली त तसंच वापस आनजा." अन रंजीताकडं पाहून, "सगळं इचारून घेतलं ना वं बरोबर?"

"सगळं मामीजी. तेलुगुत इचारलं."

"हं," गयाबाई म्हने.

ऑटोत मधात दागिन्याचं टोपलं, इकडून रंजीता, तिकडून टोपीवाले नागोराव, मांडीवर थैली अन पावभर हिरव्या मिरच्याची पुडी. गाडी खड्ड्यात आदळली का नागोराव टोपल्यावर असा हात ठेवे जसं अंदर लेकरू निजलं हाय.

मॅडमच्या घरी पिवळा मांडव, पिवळे पडदे, पिवळ्या साड्या, फोटोवाला बी पिवळ्या कुर्त्यात. मौनिका पाटावर बसलेली, बारीक काडीवानी पोरगी, मोकळे केस. तिच्या बाजूले तिची आजी, गंगव्वा, तोंडात एक दात अन डोळे लय तेज.

रंजीतानं बिंदी लावली. पोरगी हासली. झुमके घातले. पोरगी थोडी कमी हासली. मंग तिनं अन एका काकूनं मिळून हार उचलला अन गळ्यात टाकला.

मौनिका हळूहळू पुढं वाकाले लागली. जसं पिकलेलं कनीस वाकते ना, तसं. हनोटी छातीले, छाती गुडघ्याले. फोटोवाला म्हने, "अक्का, जरा ऊपर देखो." खालून आवाज आला, "नही होता."

भूलक्ष्मी मॅडम पुढं आल्या. हार पाह्यला, कंबरपट्टा पाह्यला, टोपल्यात डोकावून पाह्यलं. "अंता बागुंदी. जडा एदम्मा?"

सगळं छान हाय, पन जडा कुठं हाय?

रंजीता चक्रावली. हे एवढं गळ्यात हाय अन जड कुठं म्हनतेत? तिनं दोन्ही हात पसरून दाखवलं, "इदे मॅडम! इदंता जडा!" हेच! हे सगळं जड!

"कादम्मा, इदी दंडा. जडा एदी?" नाही, हा त हार झाला, जडा कुठं?

"मामाजी," रंजीता हळूच म्हने, तोंड पांढरं पडलेलं, "अजून जड पाहिजे म्हनतेत."

"अजून?" नागोरावनं वाकलेल्या पोरीकडं पाह्यलं. "मंग त पाटच गळ्यात बांधा लागन."

मॅडमचा आवाज चढला. "जडा लेदा? मरी नागु? नागु एदी?"

हे मातर रंजीताले समजलं. एवढं एक त बरोबर आनलं होतं! तिनं सासऱ्याचा दंड धरला अन त्याहिले समोर ढकललं. "इदिगो मॅडम, नागु!"

नागोरावनं टोपी सरळ केली, दोन्ही हात जोडले अन अदबीनं म्हने, "नमस्ते. मी नागु."

मांडवातल्या सगळ्या बाया हळदीचे हात तसेच धरून त्या टोपीकडं पाहाले लागल्या.

मंग गंगव्वा आजी हासाले लागली. आधी खांदे हालले, मंग पोट, मंग एका दातानं अशी हासली का डोळ्यातून पानी. तिनं सोताची पांढरी, उंदराच्या शेपटावानी बारीक वेनी मांगून पुढं ओढली अन रंजीताच्या नाकासमोर हालवली.

"जडा! जडा! इदी जडा!"

"अरे, जडा बोले तो चोटी, अम्मा!" मॅडम कपाळाले हात मारून हिंदीत ओरडल्या. "फूलाँ की चोटी! कमर तक चोटी! और चोटी के ऊपर नाग लगाते, साँप! साँप बोली मैं, तुम ससुर को लेके आई?"

रंजीताच्या डोक्यात एक एक शब्द उलटा फिरला. जडा म्हंजे वेनी. नडुमु दाका, वेनी कमरेपर्यंत. पैना नागु पेट्टाले, वर नाग बसवा.

"अन... मर्चि?" तिनं कसंबसं इचारलं.

"मर्चिपोकु! भूलना नको बोली!"

नागोरावनं मिरच्याची पुडी हळूच धोतराच्या मांगं लपवली.

इकडं मॅडमनं पोरीच्या भावाले हाक मारली, गाडी काढ, बाजारात जा, प्लास्टिकची तयार जडा मिळते ती घेऊन ये. प्लास्टिकची! रंजीताले सगळं दिसून राह्यलं होतं, मेथीच्या जुड्या, सुतळी, बाजूले गयाबाई, अन घरात खोलीभर कांदे, जन्मभर कांदे. तिले रडूच आलं असतं, पन तेवढ्यात नजर हारावर गेली. हार कमरेपर्यंत. कमरेपर्यंतच ना! त्याचे दोन पदर. अन कंबरपट्टा म्हंजे तिसरा. तीन पदर झाले का वेनी होते, हे त जगातल्या कोन्याबी पोरीले सांगा लागत नाही.

"मॅडम, पदि निमिषालु," ती म्हने. "दस मिनिट. भैयाले थांबवा. दस मिनिटात जडा नाही झाली त मी सोता प्लास्टिकची आनतो."

मॅडमनं घड्याळ पाह्यलं. आजीनं मौनिकाच्या गळ्यातून हार काढला, सोताच. पोरगी उभी झाली अन तिनं असा श्वास घेतला जसं विहिरीतून वर आली.

"मामाजी, थैली!" रंजीता म्हने.

नागोरावनं थैली उपडी केली. अंदर दाभन, मेनाचा दोरा, कैची. अन जुन्या पेपरात गुंडाळलेला एक नाग. खरा नाही हो! पुठ्ठ्याचा, त्यावर सोनेरी बेगड, फन्यावर दोन आरसे, चांगला ईतभर. नागोराव पोळ्याले बैलाचं बाशिंग सोता करतेत, सात गावात तसं कोनी करत नाही, त्या बाशिंगावरचा नाग तो. तो गयाबाईनं कायले देला असन, हे इचाराले तवा कोनाले वेळ होता?

मंग काय ते चाललं म्हनून सांगू. रंजीतानं हार कापला, वरवरचे फुलं खुडून खुडून अर्धा उतरवला, आजी खुडलेली फुलं ओटीत जमा करून राह्यली, दोन काकू मोगरा ओवून राह्यल्या, मॅडम मौनिकाचे केस विंचरून राह्यल्या, फोटोवाला सगळ्याहिचे फोटो काढून राह्यला. तीन पदर घेतले, वेनी घातली. आतमधी सुतळीचा पीळ होता ना, म्हनून वेनी कशी सरळ लोंबली, काठीवानी, कुठं मुरड नाही. पन केसाले लावाले गेले त पिना टनाटन उडाल्या. अर्धी केली तरी दोन किलोच्या वर वेनी, पिनानं थोडीच थांबते!

"सरका," नागोराव म्हने.

त्याहिनं मेनाचा दोरा घेतला, मौनिकाच्या डोक्यामांगं बसले, केसाच्या बुडाले तीन वेढे देले, एक फास, त्यात दुसरा फास, अन वरून नाग बसवून दाभनानं टाका घातला. हलवून पाह्यलं. नागाचा फना नुसता चमकला, जागचा हालला नाही.

"लागते का माय?" त्याहिनं पोरीले इचारलं. तिनं मान हलवून नाही म्हनलं, म्हंजे हलवाचा प्रयत्न केला.

"हालत नाही हा," नागोराव खुशीत येऊन म्हने. "ही गाठ मांगच्या पोळ्याले बांड्याच्या डोक्यावर बांधली होती. दिवसभर फिरला गावात, ढोल वाजले, फटाके फुटले, गाठ हालली नाही. लय शोभला होता बांड्या."

गंगव्वा आजीले मराठी थोडी समजे. "बांड्या एवरु?" तिनं इचारलं. बांड्या कोन?

नागोरावनं तोंड उघडलं. रंजीतानं त्याहिच्या पायावर पाय देला. "घरचंच मानूस हाय आजी," ती म्हने. "लय सरळ सोभावाचं."

अन मंग मौनिका उठली. मांगून वेनीचं वजन असं का हनोटी आपोआप वर, खांदे मांगं, मान ताठ. खाली पाह्यताच येत नोतं तिले. चालली त अशी चालली जसं गाव तिच्या बापानं तिले आंदन देलं हाय. बाया बाजूले सरकून वाट देऊन राह्यल्या. पाठीवर पिवळीपांढरी वेनी डुलून राह्यली, वर आरशाचा नाग चमकून राह्यला.

"नवरी अशी पाहिजे," आजी तेलुगुत म्हने, फोटोवाल्यानं रंजीताले समजावून सांगतलं. "आमच्या टायमाले सासूकडं खाली पाहून पाहून मान गेली."

मॅडम चारी बाजूनं फिरल्या. नाग पाह्यला, वेनी हातात तोलून पाह्यली. शेवटी मॅडमनं तिच्या गालाले हळदीचं बोट लावलं. "जडा मंचिगुंदी अम्मा. चाला मंचिगुंदी."

जडा चांगली झाली. लय चांगली झाली.

"मॅडम," रंजीतानं फोनच पुढं केला, "हेच एकडाव इथं बोला ना. जशाच्या तशा."

मॅडम हासून हासून बोलल्या. नागोरावनं तेवढ्यात मिरच्याची पुडी आजीले देऊन टाकली. आजीनं त्यातल्या मुठभर घेतल्या अन नातीवरून दिष्ट काढली. म्हंजे मिरच्या बी वाया गेल्या नाहीत.

घरी आले तवा गयाबाई दारातच लसून सोलत बसली होती, जसं काही माहीतच नाही. रंजीतानं फोन सरळ तिच्या कानापाशी धरला. मॅडमचा आवाज आला, "जडा मंचिगुंदी, चाला मंचिगुंदी." गयाबाईनं पुरं ऐकून घेतलं.

"वेनी चांगली झाली म्हनते," ती म्हने.

रंजीता पाह्यतच राह्यली. "मामीजी! तुमाले जडा म्हंजे वेनी हे माहीत होतं?"

"तीस वर्सं त्या बायाच्या मधात बसतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं का एकमेकीच्या जडाच घालत बसतेत त्या."

"अन नाग?"

"नाग आपल्यात बी नागच असते पोरी."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तू इचारलं काऊन नाही?" गयाबाईनं लसनाचं टरफल फुकलं. "येते म्हननाऱ्याले कोन शिकवते वं? पन तू त सासऱ्यालेच नाग करून नेऊन राह्यली होती! म्हनून थैली भरली. नागु संगं नागु देला, दोघातला एक त कामी येईन."

"दोघंबी आले," नागोराव म्हने, अन टोपी काढून खुंटीले लावली.

गयाबाई उठली. कमरेले पदर खोचला, कांद्याच्या खोलीत गेली अन पैलं पोतं सोताच ओढलं. "काय पाह्यतेस? धर तिकडून. चंदन, तू बी ये रे. अन खोली शेनानं दोनडाव सारव, नाही त फुलाले पुन्हा भजे म्हनतीन लोकं."

संध्याकाळपर्यंत खोली खाली. रंजीता खिडकीत पाय सोडून बसली होती, नुसती, मोकळ्या जागेकडं पाह्यत. तेवढ्यात फोन वाजला. उटनूरवरून एका बाईचा मेसेज, मॅडमनंच नंबर देला होता. रंजीतानं ह्या डावले न्हानीमांगं धाव घेतली नाही. तिथूनच आवाज देला, "मामीजी! या बरं इकडं. दोघी मिळून ऐकू."

गयाबाई हात पुसत आली, मोठ्या मानानं भिंतीले टेकून बसली. मेसेज लागला. "अम्मा, रेंडु वंकीलु कावाले. पेद्दवी."

रंजीताले लगेच समजलं. रेंडु दोन, पेद्दवी मोठ्या, अन वंकी म्हंजे वाकी, दंडाले घालतेत ती. तिच्या माहेरी लग्नात सगळ्या बाया घालतेत. पन तिनं तोंड उघडाच्या आधीच गयाबाई मांडीवर थाप मारून म्हने, "हे त अगदी सोपं हाय. वांगे पाहिजेत तिले. दोन, मोठे. तेलुगुत वंकायाच म्हनतेत. हळदीत वांगे कायले लागतेत त्याहिले, ते देव जाने, पन इचार बाई तिले, हिरवे का जांभळे? वावरात दोन्ही हायत."

रंजीतानं ओठ दाताखाली धरला.

"काय वं? हासाले काय झालं?"

"काही नाही मामीजी," रंजीता म्हने. "जांभळेच न्या. अन काटा बी घ्या संगं."

"काऊन? चुकलं का काही? सांगत काऊन नाहीस?"

"तुमी इचारलं काऊन नाही?"